सातपुड्याच्या पायथ्यासाठी हलकी बोल्ट-ॲक्शन रायफल : निवड, तपासणी आणि सुधारणा

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यापासून चोपडा-शिरपूरमार्गे शहादा-तळोद्यापर्यंत, सातपुड्याची उतरण जिथे काळ्या जमिनीला भिडते, तिथल्या शेतकऱ्याला रानडुक्कर आणि रोही यांची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. मका दुधात आला की डुकरांचा कळप एका रात्रीत उभी ताटे आडवी करतो, केळीची कोवळी रोपे कंदासकट उकरून टाकतो, आणि रोह्यांचा कळप हरभऱ्याचे शेंडे खुडत एका वावरातून दुसऱ्या वावरात सरकतो. अशा प्राण्यांच्या बंदोबस्ताची कायदेशीर परवानगी ज्यांना मिळते, त्यांच्यापैकी अनेकांकडे घरातील जुनी, जड रायफल असते, आणि ती घेऊन नाल्याकाठाने व बांधाबांधाने फिरल्यावर हलक्या रायफलचा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. तो विचार योग्यच आहे. मात्र वजन कोठून कमी करावे आणि कोठे थांबावे याचा हिशेब आधी केला नाही, तर खांद्याला सोपी आणि नेमाला अवघड अशी रायफल पदरी पडते. पहिली गोळी योग्य जागी पडणे हे काम आहे, आणि वजन हा त्या कामातील अनेक घटकांपैकी एक घटक आहे, या क्रमाने पुढील सर्व विवेचन केले आहे.

आधी परवाने

भारतात छंद म्हणून शिकार करता येत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ ने ती बंद केली आहे. उभ्या पिकाचे नुकसान करणाऱ्या प्राण्यांबाबत याच कायद्याच्या कलम ११ मध्ये परवानगीची तरतूद आहे, आणि महाराष्ट्रात रानडुक्कर व रोही यांच्यासाठी शेतकऱ्याने वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात अर्ज करावयाचा असतो. मिळालेली परवानगी ठरावीक क्षेत्रापुरती आणि ठरावीक मुदतीपुरती असते. तीत लिहिलेल्या अटी शब्दशः पाळाव्या लागतात. मारलेला प्राणी कायद्याने शासनाची मालमत्ता ठरतो, त्यामुळे त्याची माहिती वन विभागाला देणे आणि त्याची विल्हेवाट त्यांच्या देखरेखीखाली होऊ देणे हे बंधनकारक आहे.

रायफलचा परवाना ही याहून वेगळी गोष्ट आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी प्रथम ठासणीच्या बंदुकीचा आणि ती अपुरी पडत असेल तर गुळगुळीत नळीच्या अन्य बंदुकीचा विचार केलेला आहे. आटे (आतील पिळाच्या खाचा) असलेल्या नळीची रायफल हवी असेल, तर ती का हवी याचे सबळ कारण जिल्हादंडाधिकाऱ्यांना पटवून द्यावे लागते. म्हणून अर्जासोबत पीकनुकसानीचे पंचनामे, सातबारा आणि वन विभागाशी झालेला पत्रव्यवहार जोडावा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन अग्निशस्त्रे बाळगता येतात आणि परवान्याची मुदत पाच वर्षांची असते.

आपल्या भागात आणखी एक तरतूद विशेष महत्त्वाची आहे, आणि ती अनेकांच्या ध्यानात नसते. यावल अभयारण्य आणि शिरपूर तालुक्यातील अनेर धरण अभयारण्य यांच्या हद्दीपासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या शस्त्रपरवानाधारकाला वन्यजीव अधिनियमाच्या कलम ३४ नुसार वन्यजीव विभागाकडे नोंदणी करावी लागते, आणि त्या पट्ट्यात नवा परवाना देण्यापूर्वी मुख्य वन्यजीव रक्षकांची संमती लागते. अभयारण्याच्या आत परवानगीशिवाय शस्त्र नेणे हा गुन्हाच आहे, मग पायवाट नेहमीची का असेना.

काडतूस ठरवल्यावर रायफल

परदेशी नियतकालिकांत हलक्या रायफलींची रेलचेल दिसते. विंचेस्टर कंपनीने १९५२ मध्ये मॉडेल ७० ची फेदरवेट आवृत्ती काढली तेव्हापासून हा प्रकार तिकडे रूढ झाला, आणि आज टिक्का टी-३ सारख्या रायफली दुर्बिणीशिवाय तीन किलोंच्या आसपास मिळतात. आपल्याकडे मात्र १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सर्वसामान्य परवानाधारकाला रायफल आयात करता येत नाही. त्यामुळे निवड दोनच वाटांनी होते : भारतीय आयुध निर्माणींनी बनवलेली रायफल, किंवा देशात पूर्वीपासून असलेली आणि परवान्यावरून परवान्यावर हस्तांतरित होणारी जुनी परदेशी रायफल. .३०३ आणि ७.६२ मिलिमीटरसारख्या लष्करी मापांचा विचारही करू नये, कारण ती प्रतिबंधित बोअरमध्ये, म्हणजे नागरिकाला मनाई असलेल्या नळीच्या मापांत मोडतात.

भारतीय बनावटीत .३१५ स्पोर्टिंग रायफल सर्वांत परिचित आहे. तिचे काडतूस मूळचे ऑस्ट्रियाच्या मॅनलिखर लष्करी रायफलचे, ८ × ५० आर या मापाचे. रायफलची घडण मात्र ली-एनफिल्ड पद्धतीची आहे. २४४ ग्रेनची, म्हणजे सुमारे १५.८ ग्रॅमची जाड गोळी सेकंदाला ६०० मीटरच्या आसपास वेगाने जाते. शंभर मीटरच्या आत रानडुकरासाठी ही गोळी उत्तम काम करते, कारण ती मंद, जड आणि खोल जाणारी आहे. पुढे तिची वाट झपाट्याने वाकते : शंभर मीटरवर नेम बसवलेली गोळी दीडशे मीटरवर बारा सेंटिमीटरच्या आसपास खाली पडते.

३०-०६ हे १९०६ सालचे अमेरिकी लष्करी काडतूस पुढे जगभर शिकारीसाठी वापरले गेले. त्याची १५० ग्रेनची गोळी सेकंदाला ८८० मीटरच्या घरात सुटते आणि दीडशे मीटरवर चार-पाच सेंटिमीटरच खाली येते. रोह्याचा पूर्ण वाढलेला नर दोनशे किलोंच्या वर जातो, आणि हरभऱ्याच्या मोकळ्या वावरात तो क्वचितच साठ-सत्तर मीटरवर उभा राहतो. त्याच्यासाठी ३०-०६ अधिक योग्य. जुन्या रायफलींत ७ × ५७ माउझर मिळाली तर ती हलक्या रायफलीसाठी फारच समंजस निवड ठरते, कारण धक्का कमी आणि गोळी पुरेशी. मात्र खरेदीपूर्वी परवानाधारक विक्रेत्याकडे त्या मापाची काडतुसे नियमित येतात का, याची खातरजमा करावी. वरणगावला, जळगाव जिल्ह्यातच, काडतुसांची आयुध निर्माणी असली, तरी तिचे उत्पादन लष्करासाठी आहे. नागरिकाला काडतूस परवानाधारक दुकानातूनच आणि परवान्यावर लिहिलेल्या मर्यादेतच मिळते. ज्या रायफलीची काडतुसे वर्षाकाठी मोजकीच मिळतात, तिच्यावर सराव होत नाही, आणि सरावाशिवाय हलकी रायफल निरुपयोगी आहे. .२२ रायफल सरावाला उत्तम आहे. डुकरावर किंवा रोह्यावर ती चालवणे म्हणजे जखमी प्राणी रानात सोडणे होय.

वजनाचा हिशेब

रायफलचे वजन नेहमी पूर्ण सज्ज अवस्थेत मोजावे : दुर्बीण, तिचे माउंट, पट्टा आणि मॅगझिनमधील काडतुसे यांच्यासह. नुसत्या रायफलीचे वजन कागदावर आकर्षक दिसते आणि शेतात काहीच सांगत नाही. .३१५ रायफल मुळात सव्वातीन ते साडेतीन किलोंच्या आसपास असते. तिच्यावर मोठी दुर्बीण आणि पितळी कड्यांचा चामडी पट्टा चढवला की ती सहज सव्वाचार किलोंवर जाते. माझ्या मते आपल्या कामासाठी पूर्ण सज्ज रायफल साडेतीन ते पावणेचार किलोंच्या दरम्यान असावी. त्याहून जड रायफल डोंगरउतारावर हात थकवते, आणि त्याहून फार हलकी रायफल धाप लागलेल्या माणसाच्या हातात स्थिर राहत नाही, कारण नळीचे जडत्वच श्वासाचे आणि नाडीचे हेलकावे शोषून घेत असते.

धक्क्याचा नियम साधा आहे. काडतूस तेच असेल, तर धक्क्याची ऊर्जा रायफलीच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. १५० ग्रेनच्या गोळीच्या ३०-०६ मध्ये ३.६ किलोंच्या रायफलीचा धक्का सुमारे २४ ज्यूल असतो. तीच रायफल २.८ किलोंची केली की तो ३१ ज्यूलच्या जवळ जातो. खांद्याला हा फरक लगेच कळतो, आणि एकदा का मनाने धक्क्याची धास्ती घेतली, की चाप ओढण्याच्या क्षणी डोळे मिटणे आणि खांदा पुढे ढकलणे या सवयी जडतात, ज्या मोडायला पुढे फार काळ लागतो.

वजन कमी करण्याचे सर्वांत सोपे ठिकाण रायफलीत नसून तिच्यावर चढवलेल्या सामानात असते. पन्नास मिलिमीटरच्या काचेची, मोठ्या वर्धनाची दुर्बीण साडेपाचशे-सहाशे ग्रॅमची असते. दोन ते सात वर्धनाची, बत्तीस-तेहेतीस मिलिमीटरच्या काचेची दुर्बीण तीनशे ग्रॅमच्या आसपास येते. केवळ या बदलाने पाव किलोहून अधिक वजन उतरते, आणि तेही रायफलीच्या सर्वांत वरच्या भागातून, जिथले वजन तोल बिघडवते. पोलादी माउंटऐवजी चांगल्या प्रतीच्या ॲल्युमिनियमचे माउंट आणि जड चामड्याऐवजी नायलॉनचा रुंद पट्टा घेतला की आणखी शंभर-दीडशे ग्रॅम जातात.

नळी कापण्याचा मोह मात्र पूर्णपणे टाळावा. शस्त्र अधिनियमाच्या कलम ६ नुसार परवान्याशिवाय नळी आखूड करणे गुन्हा आहे, आणि गणितही त्याच्या बाजूने नाही. टोकाशी पंधरा मिलिमीटर जाडीच्या नळीचा एक इंच म्हणजे पंचवीस-तीस ग्रॅम. त्याच्या बदल्यात ३०-०६ चा वेग सेकंदाला सहा ते नऊ मीटरने घटतो, आवाज व ज्वाला वाढतात आणि नळीच्या तोंडाची कारखान्यात केलेली अचूक कड नाहीशी होते. आखूड नळी हवी असेल तर मुळातच वीस ते बावीस इंच नळीची रायफल निवडावी.

दस्त्याचा विचार थोडा वेगळा आहे. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता साधारण एक किलोच्या आसपास भरतो, तर कार्बन किंवा केव्हलर धाग्यांचा दस्ता सहाशे-सातशे ग्रॅममध्ये होतो. आपल्याकडे असा तयार दस्ता प्रत्येक रायफलीला मिळत नाही, आणि ली-एनफिल्ड घडणीच्या दोन तुकड्यांच्या दस्त्याला तर तो फारच क्वचित सापडतो. परवानाधारक कारागीर लाकडी दस्त्याच्या मागील टोकात, धक्कापट्टीच्या आड, पोकळी करून शंभर ग्रॅम काढू शकतो. पण तेवढेच वजन पुढूनही निघाले नाही तर रायफल पुढे झुकते. दोन्ही हातांच्या मध्ये, चापाच्या कड्याच्या किंचित पुढे रायफल बोटावर तोलली जावी, हे प्रमाण धरून चालावे.

जुनी रायफल हातात घेतल्यावर

खरेदीची तपासणी दुकानात, विक्रेत्याच्या समक्ष आणि रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करून करावी. प्रथम रिसीव्हरवरील (नळीमागच्या, बोल्ट ज्यात सरकतो त्या धातूच्या सांगाड्यावरील) क्रमांक परवान्याशी आणि बोल्टवरील (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणाऱ्या दांड्यावरील) क्रमांकाशी ताडून पाहावा. क्रमांक जुळत नसेल तर तो बोल्ट दुसऱ्या रायफलीचा असण्याची शक्यता धरावी, आणि मग हेडस्पेसचा प्रश्न गंभीर होतो. हेडस्पेस म्हणजे बंद बोल्टचा पुढचा भाग आणि चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाच्या, काडतूस बसते त्या पोकळीत) काडतूस जिथे टेकते ती जागा यांतील अंतर. ते जास्त असेल तर काडतुसाचे कवच बार होताना मागे ताणले जाऊन फाटू शकते, आणि उष्ण वायू थेट नेमबाजाच्या तोंडावर येतो. ते डोळ्यांनी दिसत नाही. त्यासाठी कारागिराकडील ‘गो’ आणि ‘नो-गो’ मापकेच लागतात. हे माप घेतल्याशिवाय कोणतीही जुनी रायफल विकत घेऊ नये, मग ती कितीही नामांकित घराण्याची असो.

नंतर बोल्ट काढून नळीतून उजेडाकडे पाहावे. आटे तोंडापर्यंत स्पष्ट दिसले पाहिजेत. नळीत कोठे गडद अंगठीसारखे वलय दिसले, तर पूर्वी नळीत काही अडकलेले असताना बार झाल्याची ती खूण असते आणि ती रायफल तेथेच परत ठेवावी. चेंबरच्या लगतच्या भागात बारीक खड्डे असले तरी काही रायफली समाधानकारक नेम देतात. तोंडाशी कड झिजलेली असेल तर मात्र नेम पसरतो. बरीच वर्षे तोंडाकडून सळई घालून साफ केलेल्या रायफलींत ही झीज हमखास आढळते.

सेफ्टीची तपासणी सर्वांत महत्त्वाची. रिकामी रायफल कॉक करून सेफ्टी लावावी, चाप पूर्ण जोराने ओढून सोडावा, मग चापाला स्पर्श न करता सेफ्टी काढावी. या क्षणी फायरिंग पिन (काडतुसावर आघात करणारी सुई) सुटली तर रायफल सदोष आहे. हीच तपासणी बोल्ट जोराने मागेपुढे करून आणि दस्त्याला रबरी हातोडीने हलकेच ठोकून पुन्हा करावी. हा दोष केवळ झिजलेल्या जुन्या रायफलींत असतो असे समजू नये : रेमिंग्टन कंपनीने २०१४ मध्ये मॉडेल ७०० आणि मॉडेल सेव्हन या रायफलींचे काही चाप, चाप न ओढता बार होण्याच्या शक्यतेमुळे, परत मागवले होते.

सुधारणा कोणत्या क्रमाने

शस्त्राची दुरुस्ती आणि त्यात बदल करणे यांसाठी कायद्याने परवाना लागतो. म्हणून धातूचे काम, ड्रिलिंग, चापाचे काम आणि बेडिंग ही कामे परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावीत. मालकाचे काम म्हणजे नेमके काय हवे ते समजून सांगणे, झालेले काम तपासणे, आणि रायफल आपल्या अंगाला बसवून घेणे.

अंगाला बसणे ही पहिली सुधारणा, आणि तिला खर्चही सर्वांत कमी लागतो. डोळे मिटून रिकामी रायफल खांद्याला लावावी आणि मग डोळे उघडावेत. दुर्बिणीतील चित्र पूर्ण, कडेला काळी सावली न पडता दिसले पाहिजे. मान ताणावी लागत असेल तर दस्ता लांब आहे, नाक अंगठ्यावर आदळत असेल तर तो आखूड आहे. बहुतेक माणसांना चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंत तेहेतीस ते पस्तीस सेंटिमीटर अंतर पुरते. थंडीत जाड स्वेटर घालून बसणार असाल तर त्याच कपड्यांत माप घ्यावे. टोकाशी चांगल्या प्रतीची रबरी धक्कापट्टी बसवावी; हलक्या रायफलीला ती आवश्यकच आहे. दुर्बिणीसाठी गाल उंच टेकावा लागत असेल, तर दस्त्यावर फीत बांधून बसवायची गालपट्टी पुरेशी होते.

दुसरी सुधारणा बेडिंग, म्हणजे धातू आणि लाकूड यांची बैठक. खानदेशातील हवामानात हा भाग विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीस अंशांच्या पलीकडे जातो आणि श्रावणात तेच लाकूड दमटपणाने फुगते. लाकूड हलले की नळीवरचा दाब बदलतो आणि उन्हाळ्यात लावलेला नेम पावसाळ्यात राहत नाही. माउझर घडणीच्या रायफलीत रिसीव्हरखालचा जाड पोलादी लग, म्हणजे खाली आलेला ठोकळा, धक्का दस्त्याला देतो. तो लग मागच्या बाजूने दस्त्याला सपाट, पूर्ण टेकला पाहिजे. तपासण्यासाठी कारागीर लगाच्या मागील पृष्ठाला काजळी लावतो, रायफल दस्त्यात बसवून स्क्रू आवळतो आणि पुन्हा उचलतो. लाकडावर काजळीचा ठसा एका कोपऱ्यातच उठला, तर सारा धक्का तो एकच कोपरा सोसतो आहे हे उघड होते. मग तेवढा भाग कोरून तेथे इपॉक्सी भरतात, धातूला सुटण्यासाठी मेणाचा पातळ थर देतात, आणि इपॉक्सी पूर्ण घट्ट झाल्यावर लग जणू साच्यात बसल्यासारखा बसतो. स्क्रूच्या भोवती ॲल्युमिनियमच्या नळकांड्या बसवल्या की लाकूड आक्रसले तरी स्क्रूचा ताण बदलत नाही. या कामाने वजन जवळजवळ वाढत नाही आणि हलक्या रायफलीच्या नेमात जेवढा फरक पडतो, तेवढा दुसऱ्या कोणत्याही एका कामाने पडत नाही, असे माझे ठाम मत आहे.

माउझर घडणीत नळी दस्त्यापासून मोकळी असावी. जाडसर कागदाची पट्टी नळी आणि लाकूड यांच्यामधून टोकापासून चेंबरपर्यंत न अडकता सरकली पाहिजे. ली-एनफिल्ड घडणीला हा नियम जसाच्या तसा लावू नये. तिथे दस्ता दोन तुकड्यांचा असतो, पुढच्या लाकडाचा मागील भाग धक्का घेतो, आणि नळीला पुढे मिळणारा आधार हा मूळ रचनेचाच भाग असतो. जुन्या एसएमएलई (लष्करी ली-एनफिल्ड) घडणीत पुढचे लाकूड उतरवण्याआधी मागच्या दस्त्याचा लांब बोल्ट फिरवला तर पुढचे लाकूड आतून तडकते, त्यामुळे या घडणीची माहिती असलेला कारागीर शोधावा.

चापाच्या बाबतीत संयम ठेवावा. शेतातील रायफलीचा चाप सव्वा ते दीड किलोच्या दाबाने, न घसरता, काच तुटावी तसा सुटावा. त्याहून हलका चाप गारठलेल्या बोटांनी, काळोखात आणि छातीत धडधड असताना धोक्याचा ठरतो. ली-एनफिल्ड पद्धतीचा दुहेरी टप्प्याचा चाप मुळात चांगला असतो. पहिला टप्पा पूर्ण घेऊन थांबण्याची सवय केली की त्याला हात लावण्याची गरज बहुधा पडत नाही. सिअरच्या (चाप ओढेपर्यंत फायरिंग पिन अडवून धरणाऱ्या भागाच्या) पृष्ठांवर घरी कानस किंवा पॉलिश पेपर कधीही फिरवू नये, कारण तिथला कठीण थर पातळ असतो आणि तो गेला की पकड अविश्वसनीय होते. कारागिराने काम केल्यावर वर सांगितलेली सेफ्टीची संपूर्ण तपासणी पुन्हा करावी.

दुर्बीण बसवताना माउंटच्या तळाचे स्क्रू तेलविरहित करून, टॉर्क रेंचने, अडीच न्यूटन-मीटरच्या आसपास आणि रिंगचे स्क्रू दोनच्या आसपास आवळावेत. बनवणाऱ्याने वेगळा आकडा दिला असेल तर तो प्रमाण मानावा. हलक्या रायफलीचा धक्का वेगवान असल्याने डोळा आणि काच यांत नऊ सेंटिमीटर तरी अंतर राहिले पाहिजे, अन्यथा भुवई फुटते. .३१५ च्या रिसीव्हरवर दुर्बिणीसाठी छिद्रे नसतील, तर ती पाडून घेण्यापूर्वी उघड्या नेमानेच आपले काम भागते का, याचा विचार जरूर करावा. मक्याच्या कडेला साठ मीटरवर स्वच्छ माशी (नळीच्या टोकावरचा पुढचा नेम) आणि नीट बसवलेला मागचा नेम पुरेसा असतो, आणि रायफल अर्धा किलोने हलकी राहते.

नेम लावणे

नेम मान्यताप्राप्त रेंजवर, वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवून लावावा. नळी कधीही थेट पिशवीवर टेकवू नये, पुढचे लाकूड टेकवावे. आधी पंचवीस मीटरवर कागदावर गोळी आणावी आणि मग शंभर मीटरवर जावे. कोनाच्या पाव मिनिटाचा क्लिक असलेल्या दुर्बिणीत शंभर मीटरवर एका क्लिकला नेम सुमारे सात मिलिमीटर सरकतो. शंभर मीटरवर नेम लावलेली ३०-०६ पंचवीस मीटरवर दीड-दोन सेंटिमीटर खाली मारते, कारण दुर्बीण नळीच्या चार सेंटिमीटर वर असते. जवळच्या डुकरावर हे ध्यानात ठेवावे.

पातळ नळी लवकर तापते आणि तापली की गोळ्या एका दिशेला सरकू लागतात. तीन गोळ्यांनंतर बोल्ट उघडा ठेवून नळी हाताला गार लागेपर्यंत थांबावे. पाच गोळ्यांच्या झुपक्यापेक्षा थंड नळीची पहिली गोळी कोठे पडते याची नोंद जास्त मोलाची, कारण शेतात तीच एक गोळी मिळते. प्रत्येक वेळी तारीख, तापमान, काडतुसाचा लॉट क्रमांक आणि त्या पहिल्या गोळीची जागा वहीत लिहावी. उन्हाने तापलेल्या काडतुसात दारू अधिक वेगाने जळते, दाब वाढतो आणि गोळी वर लागते. म्हणून काडतुसे मोटारीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नयेत, आणि शक्यतो एकाच लॉटची घ्यावीत. घरी सरावासाठी रिकाम्या रायफलीत स्नॅप कॅप (सरावाचे नकली काडतूस) घालून, नळीवर तोंडाजवळ नाणे ठेवून चाप ओढावा. नाणे पडले नाही म्हणजे हात स्थिर आहे.

वावरातील बार

तापीखोऱ्यातील जमीन सपाट आहे, आणि ३०-०६ ची गोळी अडवली गेली नाही तर तीन किलोमीटरहून अधिक दूर जाऊ शकते. त्या अंतरात दुसऱ्याचा सालदार रात्रीचे पाणी भरत असतो, पाड्यावरची माणसे झोपलेली असतात, रस्त्यावरून केळीचा ट्रक जात असतो. म्हणून प्राण्याच्या मागे मातीचा बांध, नाल्याची उंच दरड किंवा डोंगरउतार दिसत नसेल तर बार काढू नये. मचाणावर बसले की गोळीची दिशा आपोआप जमिनीकडे वळते, आणि सपाट वावरात तोच सर्वांत सुरक्षित उपाय आहे. मचाणावर चढताना व उतरताना रायफल रिकामी ठेवून दोरीने ओढून घ्यावी. ज्या रात्री परवानगी आहे त्या रात्री शेजारच्या गटांतील शेतकऱ्यांना आधी कळवावे, आणि कोण कोठे बसणार हे ठरल्यावर कोणीही जागा बदलू नये.

नेम खांद्याच्या मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागावर धरावा. रानडुकराचे हृदय पुढच्या पायांच्या मध्ये, अपेक्षेपेक्षा बरेच खाली आणि पुढे असते. पाठीच्या उंच केसाळ रेषेकडे पाहून नेम धरणारा नेहमी वर मारतो. पिलांसह असलेली मादी किंवा अंधुक उजेडात नीट न ओळखलेला प्राणी यांवर बार काढू नये, कारण याच पट्ट्यात बिबट्या आणि अस्वलही फिरतात आणि त्यांना पूर्ण संरक्षण आहे.

पावसाळा आणि धूळ

काळ्या मातीची धूळ बारीक असते आणि तेलाला चिकटते. म्हणून बोल्टला तेलाचा जाड हात देऊ नये. कोरड्या कपड्याने पुसून बोल्टच्या पुढच्या लगांच्या मागील पृष्ठांवर ग्रीसचा ठिपका लावावा, बाकी भागांना तेलाचा जेमतेम स्पर्श पुरे. नळी नेहमी चेंबरकडून, मार्गदर्शक नळी घालून साफ करावी, आणि बार काढण्यापूर्वी तिच्यात तेल राहिले नाही ना हे पाहावे. तेलकट नळीची पहिली गोळी वेगळीकडे जाते. नळीच्या तोंडावर चिकटपट्टीचा एक तुकडा लावला तर चिखल आणि पाणी आत जात नाही. मात्र रायफल पडली किंवा जमिनीला टेकली असेल, तर बोल्ट काढून नळीतून पाहिल्याशिवाय काडतूस भरू नये. पावसात भिजलेली रायफल त्याच रात्री दस्त्यातून सैल करून पुसावी, लाकूड सावलीत सुकू द्यावे, आणि स्क्रू पुन्हा त्याच टॉर्कने आवळावेत. घरी बोल्ट रायफलीपासून वेगळा, काडतुसे तिसऱ्या जागी आणि सर्व काही कुलपात असावे. दसऱ्याच्या आसपास, रब्बीचा हरभरा उगवण्याआधी, रेंजवर जाऊन थंड नळीची पहिली गोळी पुन्हा तपासावी आणि वहीतील मे महिन्याच्या नोंदीशी ताडून पाहावी. दोन्ही नोंदींत तीन सेंटिमीटरहून अधिक फरक दिसला तर आधी माउंटचे आणि दस्त्याचे स्क्रू, आणि ते घट्ट असतील तर बेडिंग, याच क्रमाने दोष शोधावा.